सुताचं दुसरं टोक

छत्रपती संभाजीनगर
१२ फेब्रुवारी २०२४

प्रिय साळू,

दिवाळीत आलेल्या तुझ्या पत्राला संक्रांत उलटल्यावर उत्तर लिहिते आहे. रागावली असलीस तर राग पहिल्या ओळीतच काढून टाक, कारण पुढे मला तुझी मदत हवी आहे. फोन केला असता, पण तुला ऐकू येत नाही, आणि तुझ्या नातीला मधे घालून ओरडून सांगण्यासारखं हे नाही.

श्रीरंग हरवतात. (पत्रात नावाने लिहिते. तोंडावर सेहेचाळीस वर्षं 'अहो'च.) गेल्या तीन महिन्यांत पाच वेळा. आमच्या नळाला आठवड्याने पाणी येतं. त्या तासाभरात मी आणि कामाच्या मालनबाई बादल्या, पातेली, कुकरचे डबेसुद्धा भरत असतो, आणि नेमकं तेव्हा फाटक वाजतं. दोन-तीन तासांनी कुणीतरी त्यांना आणून सोडतं. एकदा रिक्षावाला, एकदा दूधवाला. परवा एक बाई सांगत आली, "काकू, काका आमच्या भिंतीला धक्के मारत होते." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

डॉक्टर म्हणतात, स्मृतिभ्रंशात माणसं अशी भटकतात, त्याला अर्थ नसतो. विश्वजितने पुण्यात एक केंद्र पाहिलं आहे. बाग आहे, नर्स आहेत, आणि दाराला कायम कुलूप. एक मेपासून वडिलांसाठी जागा धरून ठेवली आहे. माझा मुलगा वाईट नाही गं, घाबरला आहे. पण ज्या माणसाने उभा जन्म उन्हात पायी जमीन मोजली, त्याला कुलपात ठेवायचं?

आणि हरवतात कुठे, तर ह्या वसाहतीत, जिचे रस्ते आखणाऱ्यांत ते स्वतः होते. सिस्टर बेनेडिक्टाची गोष्ट आठवते? शुक्रवारचा भरतकामाचा तास, आणि ग्रीस देशातला तो भुलभुलैया. आत बैलाच्या डोक्याचा राक्षस, त्याला मारायला निघालेला थिसिअस, आणि त्याच्या हातात सुताचा गुंडा देणारी राजकन्या अरिआड्नी. तिचं नाव जिभेवर बसेना म्हणून तू तिची आर्याबाई केली होतीस. तो भुलभुलैया बांधणारा कारागीरसुद्धा म्हणे त्यातून कसाबसा बाहेर पडला होता. तेव्हा आपण फार हसलो होतो.

सिस्टर म्हणायच्या, गुंता झाला तर ओढू नका, कात्री लावू नका. शेवटचा बरोबर टाका कुठला ते पाहा, तिथपर्यंत उसवत मागे जा, आणि तिथून दुसरी वाट धरा. मला वाटतं, श्रीरंग भटकत नाहीत. ते कुठेतरी जातात आणि वाटेत चुकतात. ते कुठे, एवढं एक मेच्या आत कळलं, तर मी आधीच तिथे जाऊन उभी राहीन. मग कुलूप कशाला लागेल?

हा सगळा भाग म्हणजे तुझं माहेर. तुला काही सुचतं का?

तुझी
भानू

लासूर स्टेशन
२१ फेब्रुवारी

भानू,

राग पैल्याच वळीत काढला. आता दुसऱ्या वळीपासून ऐक. कॉन्व्हेंटात नऊ वर्सं काढली तरी कागद फुडं आला की हात शेतातलंच बोलतो, तवा हसू नको.

इथं टँकर दोन दिवसाआड येतो. मला त्याचा भोंगा ऐकू येत नाय, पण बाया हंडे घेऊन पळायला लागल्या की कळतं. सून म्हणती, आत्याबाई, तुमाला बरं, भांडणं ऐकू येत नाय. म्या म्हनलं, बाई, भांडणं डोळ्यानं बी ऐकू येतात.

तुझ्या मालकाला म्या काय वळखत नाय. लग्नाला बी आले नव्हते. पण येक इचारते. फाटकातून निगाले की डावीकडं वळतात का उजवीकडं? आन पायात काय असतं, चपला का बूट?

माणसाला उसवता येत नाय, पण रस्ता उसवता येतो. पाण्याच्या दिवशी पाणी मालनबाईवर सोड आन त्यांच्या मागं मागं जाय. हाक मारू नको. दर वळणावर खूण करून ठेव. जिथून चुकले तिथून दुसऱ्या डावाला दुसऱ्या बोळात बघ. आर्याबाईनं बी दुसरं काय केलं?

पर आर्याबाईची गोष्ट तुला अर्धीच ठावं हाय. सिस्टरनं शेवट गाळला व्हता. लायब्ररीतल्या जाड बुकात म्या त्यो वाचला. भुलभुलैयातून भायेर आल्यावर त्या गड्यानं तिला गलबतात घेतलं, आन वाटंत येका बेटावर ती झोपली व्हती तशीच टाकून गेला. सूत धरणारीचं असंच असतं म्हून लेकरांना सांगत नसतील.

जाऊ दे. तुझं काम आधी.

साळू

छत्रपती संभाजीनगर
९ मार्च

प्रिय साळू,

डावीकडे. आणि बूट. घरात चपलाच घालतात, पण ह्या फेरीला निघताना जुने कामाचे बूट शोधून काढतात. तू हे कसं विचारलंस?

खुणांची हकीकत ऐक आणि पोट धरून हस. भरतकामाच्या दोऱ्यांची जुनी पेटी काढली. पहिल्या वळणावरच्या विजेच्या खांबाला लाल दोरा, मेडिकलच्या दुकानापाशी पिवळा, पुढे हिरवा, असे बांधत गेले. चौथ्या दिवशी लाल दोऱ्याच्या खांबाला हळदकुंकू. कुणीतरी बोललं म्हणे, की त्या खांबाला दोरा बांधला आणि त्या गल्लीत न बोलावता टँकर आला. आठवड्यात आमच्या आळीतल्या प्रत्येक खांबाला, कडुनिंबाला, ट्रान्सफॉर्मरच्या जाळीलासुद्धा दोरे. मालनबाई म्हणाल्या, "बाई, वटपौर्णिमेला तीन महिने हायेत, अन् तुमी इजंच्या खांबाला सात जन्म मागायला लावले की सगळ्यायला!" आता माझे दोरे कुठले आणि पाण्याचे कुठले, मलाच ओळखू येत नाहीत. एक सोडायला गेले तर समोरच्या सरूबाईंनी हात धरला. पाणी जाईल म्हणाल्या.

पण मागे मागे जाताना काही पाहिलं ते लिहिते. मेडिकलच्या कोपऱ्यावर रस्ता सपाट आहे, तरी श्रीरंग तिथे पाय उंच उचलून टाकतात. शिकवणीच्या वर्गाची पाटी आहे, तिथे मान खाली घालून वाकतात, डोक्याला काही लागेल अशी. एटीएमसमोर थांबतात आणि दोन्ही हातांनी, बोटं जपत, काहीतरी बाजूला सारतात. सुरक्षारक्षक घाबरून उभा राहतो. तिथून पुढे गुलाबी बंगल्याची भिंत येते आणि तिथे ते अडतात. भिंतीला धक्के देतात. मी हाताला धरून वळवलं की चेहरा लहान मुलासारखा होतो, आणि मग कुठल्याही बोळात शिरतात, दर वेळी वेगळ्या. शेवटचा बरोबर टाका तो गुलाबी बंगला आहे. पुढची वाट मला सापडत नाही.

तुझी
भानू

लासूर स्टेशन
१७ मार्च

भानू,

तुझं पत्र वाचलं आन ओट्यावर बसून ऱ्हायले. सून म्हणाली, कुणी गेलं का? म्या म्हनलं, नाय, कुणी आलं.

ते मपल्या बापाच्या रानातून चालतात गं.

तुझं घर हाय ती आमची तुरीची पट्टी. मेडिकलपाशी पाट व्हता, इहिरीचं पाणी तुरीला नेणारा, दीड हात रुंद. पाय उचलल्याबिगर वलांडता येत नव्हता. शिकवणीच्या पाटीपाशी खाली आलेली बोरीची फांदी. कापू कापू म्हनत आमच्या अण्णांनी कव्हाच कापली नाय, आन मोठे मोठे लोक तिच्याफुडं वाकून गेले. एटीएम म्हणतीस तिथं बोराटीच्या काट्याचं फाटक. काटे लागू नये म्हून बोटं जपून सारायचं.

आन गुलाबी बंगला आमच्या पांदीवर उभा हाय. बैलगाडीची ती वाट तिरकी जायाची. तुमचे रस्ते सारे काटकोनात. म्हून त्यांना पांद सापडंना. भिंतीच्या उजव्या अंगाला बोळ असंल तर तिथून ने आन पल्याड निगालीस की सोड, त्यांची ते जातील. फुडं इहीर.

रेघा वढून नकाशा केलाय तो संगं घातलाय. सिस्टरच्या हातून भूगोलात कव्हा दहातले चार मिळाले नाय, पण ह्यो नकाशा चुकायचा नाय.

मोजणीवाले सारे ह्याच वाटेनं यायचे. एवढंच मला ठावं हाय. जास्त इचारू नको.

साळू

छत्रपती संभाजीनगर
२७ मार्च

प्रिय साळू,

तुझ्या नकाशाला दहापैकी दहा.

गुलाबी बंगल्याच्या उजवीकडे खरंच बोळ आहे, कचऱ्याच्या डब्यांनी भरलेला. पलीकडे निघालो आणि श्रीरंग असे झपाझप चालू लागले की मला पदर खोचावा लागला. तुझी विहीर आता बागेत आहे. तोंडावर सिमेंटचा ओटा, त्यावर बाकडी. मला वाटलं, पोचलो. इथेच यायचं होतं. उद्यापासून मीच आधी येऊन बसेन, डब्यात पोहे आणेन. मी मनातल्या मनात विश्वजितला फोनसुद्धा लावला.

पण ते थांबले नाहीत. बागेच्या कठड्याला एक हात लावला आणि पुढे निघाले. पावलं मोजत होते. दोनशे बारा. कोपरा वळून झेरॉक्सच्या दुकानासमोर उभे राहिले. मागे वळले. हात वर केला, तोंड उघडलं, आणि आवाज फुटला नाही.  मग खाली बसून फरशीवर हात फिरवू लागले, काही पडल्यासारखं.

मी म्हटलं, "अहो, काय शोधता?"

म्हणाले, "ती धरून उभी असेल."

"कोण?"

तर माझ्याकडे परक्यासारखं पाहून म्हणाले, "बाई, तुम्ही जरा बाजूला व्हा. सूत दिसत नाही."

सेहेचाळीस वर्षांत त्यांनी मला 'बाई' म्हटलं नव्हतं, साळू.

तेव्हापासून रोज निघतात, पाणी असो नसो. विश्वजितने कुरिअरने कुलूप पाठवलं आहे. आकड्यांचं. आमच्या लग्नाची तारीख लावली की उघडतं. बाबांना ती आठवणार नाही, म्हणून सुरक्षित, असं त्याने भाबडेपणाने सांगितलं. मी ते दोऱ्यांच्या पेटीत टाकून ठेवलं.

विचारू नको म्हणालीस. तरी विचारते. मोजणीच्या दिवसांत तिथे कोण उभी होती?

तुझी
भानू

छत्रपती संभाजीनगर
१४ एप्रिल

साळू,

पाडवा झाला. तुझं पत्र नाही. नातीच्या मोबाइलवर निरोप ठेवला, त्याचंही उत्तर नाही. तब्येत बरी आहे ना?

मंगळवारी श्रीरंग झेरॉक्सच्या दुकानासमोर उन्हात चक्कर येऊन पडले. कपाळाला तीन टाके. दुकानदाराने पाण्याची बाटली डोक्यावर रिकामी केली, आणि सध्या इथे पाणी कुणी असं ओतत नाही. विश्वजित एक तारखेला स्वतः गाडी घेऊन येतो आहे. म्हणाला, "आई, आता बोलू नकोस."

मी विचारलं त्याने तू दुखावली असशील तर विचारलेलं परत घेते. फक्त लिही.

भानू

लासूर स्टेशन
१८ एप्रिल

भानू,

चार डाव लिहायला बसले आन चार कागद चुलीत घातले. ह्यो पाचवा.

ती मीच व्हते.

त्र्याहत्तरचा मे. बहात्तरच्या दुष्काळानं मपली शाळा सुटली, तू दहावीला गेलीस. आमच्या रानात मोजणी आली. अण्णा म्हणले, आपली जमीन मोजतात तर सुताजवळ आपलं माणूस पायजे. भाऊ सांडू तापानं पडलेला, म्हून मला धाडलं. रस्त्याची आखणी चालली व्हती. येका टोकाला खुंटी ठोकायची, दोरी ताणीत न्यायची, मग तिच्या कडंनं चुन्याची फक्की मारायची. पण पाऊस नसल्यानं जमीन अशी कडक झाल्ती की लोखंडाची खुंटी शिरंना. घण घातला तर वाकली. तवा मोजणीवाले साहेब म्हणले, "हिलाच धरू द्या." म्हंजी मीच खुंटी.

साहेब चोवीस वर्साचे. उन्हानं नाक सोललेलं. आमचं बोलणं म्हणशील तर दोन शब्दाचं. धर. सोड. दिसभर तेच. पण धर म्हणताना ते माझ्याकडं बगायचे, आन सोड म्हणताना बगायचे नाय. एवढ्यावर म्या काय काय समजून बसले. सोळा वर्साची व्हते, तूच सांग, किती लागतं?

असे अकरा दिस. अकराव्या दिशी, बुधवार व्हता, इहिरीपाशी दोरीचं टोक माझ्या हातात दिलं आन म्हणले, "मी सोड म्हणेपर्यंत सोडू नको." आन टेकाडाच्या पल्याड गेले. दोरी ताठ व्हती. मग ढिली पडली. वाटलं, दम खात असतील. म्या मूठ सोडली नाय. सावली इहिरीत उतरली, बैलं घराकडं गेली. दिस बुडता अण्णा आले आन म्हणले, "येडी का खुळी, जीप कव्हाच गेली." म्या म्हनलं, त्यांनी सोड म्हनलं नाय. अण्णांनी येक येक बोट उघडून दोरी काढली. म्या ती गुंडाळीत टेकाडापल्याड गेले. टोक धुळीत पडलेलं, आन बाजूला चाकाचे वळ.

ते परत आले नाय. आठा दिसांनी दुसरेच साहेब आले. त्यांच्या हाताखाली सांडू उभा ऱ्हायला.

मग तुझी पत्रिका आली. चि. श्रीरंग, फुलंब्री, मोजणी खातं. नाव-गाव वळखलं, म्हून लग्नाला आले नाय. अण्णा आजारी हायेत असं लिवलं ते खोटं व्हतं. अण्णा धडधाकट, तुझ्या पत्रिकेसंगं आलेले पेढे खात बसले व्हते.

माझा संसार चांगला झाला, भानू. नवरा भला व्हता, मरेस्तोवर मला उपाशी झोपू दिलं नाय. तुपलं म्या काय चोरलं नाय. फक्त कासरा हातात आला की कव्हा कव्हा मूठ आपोआप मिटायची. आर्याबाई तरी झोपेत व्हती. म्या जागी व्हते.

ती दोरी? वरीसभर पेटीत ठेवली, मग तिच्यावर मिरच्या वाळवल्या. जपून ठेवायला म्या काय राजाची लेक हाय?

साळू

छत्रपती संभाजीनगर
२२ एप्रिल

साळू,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा मत्सर वाटला. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? मला सेहेचाळीस वर्षं मिळाली, पण त्यात श्रीरंगनी मला कधी काही धरायला सांगितलं नाही. शिडीसुद्धा स्वतःच भिंतीला टेकवून चढायचे. दुसऱ्यांदा वाचताना रडले. तिसऱ्यांदा वाचताना तो बुधवार दिसला.

९ मे १९७३. बुधवारच होता. दरवर्षी त्या तारखेला हे एकभुक्त राहतात. त्या दुपारी फुलंब्रीला माझे सासरे वारले. ऑफिसात तार आली, शिपाई जीप घेऊन टेकाडाच्या पलीकडच्या बाजूने आला आणि यांना तसाच उचलून घेऊन गेला. तेरावा होतो न होतो तोच नांदेडला बदली. ही सगळी हकीकत मला सासूबाईंनी सांगितली होती. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणी आहे, हे मात्र त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते तुला टाकून गेले नव्हते. त्यांना 'सोड' म्हणायला मिळालं नाही.

आता आणखी दोन गोष्टी जुळतात. लग्नानंतर मी आपल्या शाळेच्या गमती सांगत होते, त्यात तुझं आणि तुझ्या शिवाराचं नाव आलं. जेवता जेवता यांचा हात थांबला. म्हणाले, "ती लग्नाला आली नाही ना?" पुन्हा विषय नाही. आणि पुढे प्लॉट घ्यायची वेळ आली, तेव्हा चांगला कोपऱ्याचा सोडून हाच हवा म्हणून हट्ट. मी तेव्हा भांडले होते. तुझ्या तुरीच्या पट्टीसाठी भांडतेय, हे कळलं असतं तर कदाचित जास्त भांडले असते.

रविवारी, २८ तारखेला सकाळी आठला तू विहिरीपाशी येशील? मी सुती दोरीची बंडलं आणली आहेत. नायलॉनची दाखवली तर श्रीरंगनी हात मागे घेतला, म्हणाले, हे सूत नाही. मालनबाई तुझ्याजवळ थांबतील. मी त्यांच्या टोकाला असेन.

आधी मनात आलं होतं की तुझ्या जागी मीच उभं राहावं. त्यांना काय कळणार आहे? पण शेवटचा बरोबर टाका माझा नाही, साळू. तुझा आहे.

ये.

भानू

लासूर स्टेशन
३० एप्रिल

भानू,

घरी न येता सकाळच्याच गाडीनं माघारी आले. राग धरू नको. तुपल्या हातचा चहा प्यायचा व्हता, पण मग तोंड बगावं लागलं असतं. म्हातारं माणूस बगून म्या काय करू? मपला साहेब चोवीस वर्साचा हाय.

माझ्या टोकाचं सांगते, तुला दिसलं नसंल.

मालनबाईनं मला बाकड्यावर बसवलं, डोक्यावर छत्री धरली आन दोरीचं टोक हातात दिलं. म्या उठून हुबी ऱ्हायले. बसून धरायची दोरी नव्हती ती. पायाखाली सिमेट, त्याच्याखाली मपल्या बापाची इहीर. लई गंमत वाटली. तेव्हा इहिरीच्या काठावर मी व्हते, आता तिच्या डोक्यावर हाय.

बागेच्या फाटकाला बी तुझ्या त्या दोऱ्यांची माळ झालीय. हंडा घेऊन चाललेल्या येका पोरीनं इचारलं, काय इचारलं ते मालनबाईनं हातवारे करून सांगितलं. म्हणे, आजी, तुमी बी पाण्यासाठी दोरा धरला का? म्या म्हनलं, व्हय बाई, पाण्यासाठीच.

मग दोरी ताठ झाली.

भानू, पन्नास वर्सं झाली, पण ती वढ म्या हजारात वळखली असती. झटका नाय. हळूहळू, कणाकणानं ताणायची, जशी समोरच्याचा हात दुखंल म्हून जपून. मपल्या कोपरापर्यंत आली. टेकाड कुठंच ऱ्हायलं नाय, कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान हाय, पण मला टेकाडच दिसलं.

आन तव्हा ध्यानात आलं, की ते सोड म्हणतील आन मला ऐकू यायचं नाय. आयुष्यभर येका शब्दाची वाट बगायची, आन तो आला तवा कान गेलेले. मालनबाईकडं बगितलं, तर ती टँकरकडं बगत व्हती.

मग दोरीला दोन झटके बसले. येक. दोन.

ती मोजणीवाल्यांची खूण व्हती. वारं असलं, हाक पोचत नसली, की ते असंच करायचे. तुला ठावं नसणार. मलाच इसर पडला व्हता.

म्या सोडलं.

दोरी कठड्याखालून सरकत गेली, फरशीवरून, कोपऱ्यावरून, आन दिसंनाशी झाली. मूठ उघडून बगितली. घाम व्हता नुसता. मालनबाईनं पदर फुडं केला. मला वाटलं ती मुठीचा घाम पुसती, तर ती मपले डोळे पुसत व्हती.

आज गावात टँकर आला नाय. तरी बरं वाटतंय.

साळू

छत्रपती संभाजीनगर
२ जून

प्रिय साळू,

चहा राहिला तो राहिला. तू आलीस, हे मी जन्मभर लक्षात ठेवीन, आणि घरात लक्षात ठेवणारी आता मी एकटीच आहे.

माझ्या टोकाचं ऐक. दोरी हातात आली आणि श्रीरंग सरळ उभे राहिले. पाठीचा बाक गेला. दोन बोटांनी दोरी जोखली आणि म्हणाले, "ताठ आहे. चांगली धरली आहे." मग हात वर केला आणि असा खणखणीत आवाज लावला की झेरॉक्सवाला बाहेर आला. "सोड!" पण दोरी तशीच ताठ.  तुला ऐकू येणार नाही हे मी कसं विसरले? मी तुझ्याकडे धावत निघणार, तेवढ्यात त्यांनीच दोन झटके दिले, किती सहज, जणू काल-परवाच दिले होते.

दोरी ढिली पडली. त्यांनी ती अंगठा आणि कोपरावर गुंडाळत आणली. टोक आलं, ते निरखून पाहिलं, सगळा गुंडा सदऱ्याच्या खिशात घातला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "झालं. चला." बाई नाही, तुम्ही बाजूला व्हा नाही. चला. येताना मेडिकलच्या कोपऱ्यावर त्यांनी पाय उचलला नाही. सपाट रस्त्यावरून सपाट चालत आले.

तेव्हापासून फाटक वाजलेलं नाही. विश्वजित एक मेला आला तो चार दिवस राहिला. पाण्याच्या दिवशी तो फाटकाशी खुर्ची टाकून बसला होता. बाबा आत भिंतीकडे बघत शांत. जाताना गाडीत एकटाच बसला. म्हणाला, "आई, जागा रद्द करतो. पण तू रोज फोन करायचा." कुलूप परत देऊ लागले तर म्हणाला, राहू दे. ते पेटीत आहे, दोऱ्यांखाली.

मला हवं होतं ते मिळालं. तरी खरं सांगू? पाणी भरताना मी अजून फाटकाकडे कान लावते. त्यांच्या मागे मागे चालत होते तेव्हा ते कुठेतरी निघालेले तरी होते. आता खुर्चीत बसतात आणि संध्याकाळ होते. माझं नाव गेल्या आठवड्यात गेलं. डॉक्टर म्हणतात, हे असंच व्हायचं होतं, त्या रविवारशी त्याचा संबंध नाही.

काल मी धीर केला. त्यांच्या खिशातला गुंडा मागून घेतला, दिला त्यांनी. टोक त्यांच्या मुठीत ठेवलं, बोटं मिटवली, आणि म्हटलं, "अहो, मी सोड म्हणेपर्यंत सोडू नका." दोरी उलगडत मी ओटा उतरले, फाटक उघडलं. लाल दोऱ्याचा खांब ओलांडला. सरूबाई दारातून बघत होत्या, बघू दे म्हटलं. मेडिकलच्या कोपऱ्यावर पोचले, तुझ्या पाटावरून पाय उंच उचलला आणि पलीकडे टाकला. तिथून घर दिसत नाही. दोरी हळूहळू ताणली, तू लिहिलं होतंस तशी, समोरच्याचा हात दुखेल म्हणून जपून.

मी ओरडले, "धरलंय का हो?"

 मग आतून, लांबून, आवाज आला.

"धरलंय."

सरूबाई हसत होत्या, मीही हसले असेन. संध्याकाळी मालनबाईंनी दोन्ही टोकं गोळा करून गुंडा खुंटीला लावला.

साळू, मी अजून सोड म्हटलेलं नाही.

तुझी
भानू